माईकचा खटका

बेल काउंटी हा अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या आग्नेय टोकाचा डोंगराळ मुलूख. कोळशाच्या खाणींचा. २०१६च्या निवडणुकीत इथल्या मतदारांनी डोनाल्ड ट्रम्प यांच्या पदरात भरभरून मतं टाकली होती. दोन वर्षांनी तिथल्या हायस्कूलच्या ग्रॅज्युएशनला बेन बोलिंग नावाचा, वर्गात पहिला आलेला मुलगा भाषणाला उभा राहिला. बोलता बोलता त्याने एक सुविचार ऐकवला. नुसता सहभाग पुरे नाही, टेबलाशी जागा मिळवायला झगडा, आणि जमलं तर टेबलाच्या मुख्य खुर्चीसाठीच झगडा, अशा अर्थाचा. हे डोनाल्ड ट्रम्प यांचं वाक्य, असं त्याने सांगितलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मग तो म्हणाला, गंमत केली, हे बराक ओबामांचं वाक्य आहे. टाळ्या जागच्या जागी विरल्या.

वाक्य खरोखरच ओबामांचं होतं, २०१२मध्ये न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात केलेल्या भाषणातलं. वाक्य आवडलं होतं, पण मूळ नाव घेतलं तर इथे कुणी ऐकून घेणार नाही म्हणून ट्रम्प यांचं नाव लावलं, असं बोलिंगने नंतर वार्ताहरांना सांगितलं. त्या वाक्यात कसलंही धोरण नव्हतं, कुणावर टीका नव्हती. तरीही नाव बदललं आणि सभागृहाचा नूर पालटला. हायस्कूलच्या निरोपाच्या व्यासपीठावर राजकारण किती पातळ पडद्याआड उभं असतं, ते एवढ्यावरून दिसतं.

आपल्याकडे शाळेचा निरोप समारंभ म्हणजे बटाटेवडा, वर्गशिक्षकांचे चार शब्द, रडवेल्या दोन-तीन मुलींचं मनोगत आणि मग बोर्डाच्या परीक्षेची धास्ती. अमेरिकेतलं हायस्कूल ग्रॅज्युएशन हे त्यामानाने लग्नकार्यच. बारावी संपवणारी सतरा-अठरा वर्षांची पोरं झगा आणि गोंड्याची चौकोनी टोपी घालून ओळीने चालत येतात. मागे एडवर्ड एल्गार यांचं ‘पॉम्प अँड सर्कमस्टन्स’ वाजत असतं. १९०१ सालची ही इंग्रजी धून १९०५मध्ये येल विद्यापीठाच्या समारंभात वाजली आणि तिथून देशभरातल्या शाळांत पोचली. फुटबॉलच्या मैदानात उन्हात मांडलेल्या खुर्च्या, प्रत्येकाचं नाव पुकारलं की एकेका कोपऱ्यातून उठणारी आरोळी. मे-जूनमध्ये व्हिसा काढून नातवंडांचं ग्रॅज्युएशन बघायला जाणाऱ्या मराठी आजी-आजोबांना हे दृश्य चांगलं ठाऊक आहे. या साऱ्यात तीन-चार मिनिटं एका विद्यार्थ्याची असतात. बहुतेक ठिकाणी ती वर्गात पहिल्या येणाऱ्याला, म्हणजे ‘व्हॅलेडिक्टोरियन’ला मिळतात. लॅटिनमधून आलेल्या या शब्दाचा अर्थ ‘निरोपाचे शब्द बोलणारा’.

भाषण आधी लिहून द्यायचं, मुख्याध्यापकांनी किंवा एखाद्या शिक्षकांनी ते तपासायचं, आणि मंजूर झालेलंच वाचायचं, ही बहुतेक शाळांची रीत. आणि भांडणाचं मूळही तिथेच.

हे भांडण आजचं नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रेट बॅरिंग्टन या गावात १८८४ साली डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस हायस्कूलमधून बाहेर पडले. पुढे कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या चळवळीतले ते मोठे विचारवंत झाले, पण तेव्हा त्या वर्गातला तो एकटाच काळा मुलगा होता. भाषणासाठी त्याने विषय घेतला वेंडेल फिलिप्स यांचा. गुलामगिरीविरुद्ध आयुष्यभर बोललेले हे वक्ते त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत वारले होते. काळ्या मुलाने गोऱ्या गावासमोर फिलिप्सवर बोलणं म्हणजे राजकीय भाषणच. गावाने ते कौतुकाने ऐकलं.

दक्षिणेत चित्र निराळं. १९२५ साली मिसिसिपीतल्या जॅक्सन गावात रिचर्ड राइट नावाचा मुलगा नववीच्या वर्गात पहिला आला. पुढे कादंबरीकार म्हणून तो गाजला आणि ‘ब्लॅक बॉय’ या आत्मकथनात त्याने त्या दिवसांचा प्रसंग सविस्तर लिहिला. मुख्याध्यापकांनी त्याला बोलावलं आणि तयार भाषणाचे कागद हातात ठेवले. मुलगा म्हणाला, मी माझं लिहिलंय. मुख्याध्यापक स्वतः काळे. त्यांनी समजावलं, समारंभाला गोरी मंडळी येणार आहेत, तू त्यांच्यापुढे काय बोलणार? मग आमिष आलं: तुला शाळेत शिक्षकाची नोकरी देण्याचा विचार होता. मग घरच्यांचा, मित्रांचा आग्रह, अरे घे ते भाषण आणि वाच, तुझं काय जातंय. राइटने स्वतःचंच भाषण वाचलं.

हा प्रसंग वाचताना राग मुख्याध्यापकांचा येतो. थोडं थांबलं की कीवही येते. त्या माणसाची शाळा, नोकरी आणि गावातली सुरक्षितता समोरच्या रांगेत बसणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मर्जीवर टेकलेली होती. मुलाच्या भाषणाचा धोका मुलापेक्षा त्यांनाच जास्त होता. आजही भाषण तपासणाऱ्या मुख्याध्यापकांच्या डोक्यात हाच हिशेब असतो, फक्त समोरच्या रांगेत आता स्कूल बोर्डाचे सदस्य, पालक आणि प्रत्येक हातातला मोबाइल असतो.

राजकीय भाषण करणारा दरवेळी विद्यार्थीच असतो असंही नाही. आर्कान्सा राज्यातल्या स्टॅम्प्स गावात १९४० साली माया अँजेलू आठवी उत्तीर्ण झाल्या. ‘आय नो व्हाय द केज्ड बर्ड सिंग्ज’ या आत्मकथनात त्यांनी आपल्या ग्रॅज्युएशनवर एक अख्खं प्रकरण खर्ची घातलंय. नवा शिवलेला पिवळा फ्रॉक, सकाळपासूनचा आनंद, आणि मग पाहुणे म्हणून आलेला गोरा अधिकारी. घाईतला. त्याने गोऱ्या मुलांच्या शाळेत होणाऱ्या सुधारणा सांगितल्या: सूक्ष्मदर्शक येणार, चित्रकलेचे शिक्षक येणार. काळ्या मुलांच्या शाळेचं कौतुक काय, तर इथून चांगले खेळाडू निघाले. वरवर बघता ही विकासकामांची यादी. समोर बसलेल्या मुलांना मात्र कळलं की आपल्याकडून कुणी शास्त्रज्ञाची अपेक्षाच ठेवलेली नाही. पाहुणे निघून गेले. मग हेन्री रीड हा वर्गातला पहिला मुलगा भाषणाला उठला. भाषण संपवून तो वर्गाकडे वळला आणि त्याने जेम्स वेल्डन जॉन्सन यांचं ‘लिफ्ट एव्हरी व्हॉइस अँड सिंग’ सुरू केलं. काळ्या समाजाने राष्ट्रगीतासारखं जपलेलं हे गाणं. सभागृह उठून त्याच्याबरोबर गाऊ लागलं. तो एक शब्दही पाहुण्यांविरुद्ध बोलला नव्हता.

आता कायद्याकडे. अमेरिकी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती सरकारला भाषणस्वातंत्र्यावर गदा आणू देत नाही. सरकारी शाळा हे सरकारच. खासगी आणि धार्मिक शाळांना ही दुरुस्ती लागू होत नाही, त्यामुळे तिथलं प्रकरण वेगळं. सरकारी शाळेतल्या मुलाला मात्र हक्क आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६९मध्ये ठणकावून सांगितलं. आयोवातल्या डे मॉइन शहरात डिसेंबर १९६५मध्ये काही मुलं व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडाला काळी फीत बांधून शाळेत गेली. त्यांतली मेरी बेथ टिंकर तेरा वर्षांची होती. शाळेने मुलांना घरी पाठवलं. न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी मुलांची बाजू घेतली: शाळेच्या फाटकाशी हक्क काढून ठेवावे लागत नाहीत, अभ्यासात खरा व्यत्यय येत असेल तरच शाळेने अडवावं.

पण दंडावरची फीत मुलीची होती. माईक शाळेचा असतो.

या फरकाची चुणूक दाखवणारा खटला वॉशिंग्टन राज्यातल्या बेथेल हायस्कूलचा. एप्रिल १९८३मध्ये मॅथ्यू फ्रेझर या विद्यार्थ्याने शाळेच्या निवडणुकीत मित्राला उमेदवारी देताना सुमारे ६०० मुलांसमोर छोटंसं भाषण केलं. एकही अश्लील शब्द नाही, पण प्रत्येक वाक्य द्व्यर्थी. मुलं ओरडली, शिक्षक लाल झाले, मित्र निवडून आला. शाळेने फ्रेझरला तीन दिवसांसाठी निलंबित केलं आणि ग्रॅज्युएशनच्या वक्त्यांच्या संभाव्य यादीतून त्याचं नाव काढून टाकलं. तर वर्गमित्रांनी मतपत्रिकेवर हाताने त्याचं नाव लिहून त्याला निवडलं! कनिष्ठ न्यायालयाच्या आदेशामुळे ८ जून १९८३ रोजी त्याने समारंभात भाषणही केलं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तीन वर्षांनी, आणि तो त्याच्या विरुद्ध गेला. सभेत असभ्य बोलणाऱ्याला शाळा शिक्षा करू शकते, असं सात न्यायमूर्तींनी ठरवलं. तोवर फ्रेझरचं ग्रॅज्युएशनचं भाषण होऊन कितीतरी काळ लोटला होता. हा मुलगा पुढे वादविवादाचा प्रशिक्षक झाला, हे ओघाने आलंच.

ग्रॅज्युएशनच्या भाषणांना आज जो निकाल सगळ्यात जास्त लागू होतो तो मुळात वर्तमानपत्राचा आहे. मिसुरीतल्या हेझलवूड ईस्ट हायस्कूलच्या विद्यार्थ्यांच्या अंकातून मुख्याध्यापकांनी १९८३मध्ये दोन पानं काढून टाकली. त्यांत विद्यार्थिनींच्या गरोदरपणावर आणि पालकांच्या घटस्फोटावर लेख होते. १९८८च्या जानेवारीत न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी शाळेची बाजू घेतली. जिथे शाळेचा शिक्का आहे, जिथे बघणाऱ्याला वाटेल की हे शाळाच म्हणते आहे, तिथे शैक्षणिक कारण दाखवून शाळा मजकूर आवरू शकते. व्यासपीठ, झेंडे, मागे बॅनरवर शाळेचं नाव, शेजारी मुख्याध्यापक. ग्रॅज्युएशनपेक्षा जास्त शिक्का कुठे असणार?

आता एक गंमत. हा नियम सगळ्यात आधी आणि सगळ्यात कडकपणे ज्यांच्या अंगावर आला ती पुरोगामी घोषणा देणारी मुलं नव्हती. ती धर्माबद्दल बोलणारी होती. कारण १९९२मध्ये र्‍होड आयलंडच्या ‘ली विरुद्ध वाइसमन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं होतं की सरकारी शाळेने ग्रॅज्युएशनला धर्मगुरू बोलावून प्रार्थना म्हणवून घेऊ नये. त्या समारंभात ज्यू धर्मगुरूंनी केलेली प्रार्थना अगदी सौम्य होती. तरीही न्यायमूर्ती केनेडी म्हणाले, आयुष्यातल्या अशा दिवशी गैरहजर राहा म्हणणं हा काही खरा पर्याय नाही. मूल तिथे अडकलेलंच असतं. तेव्हापासून शाळा धार्मिक उल्लेखांना घाबरू लागल्या. २००६मध्ये नेवाडातल्या हेंडरसन इथे ब्रिटनी मॅकॉम्ब मंजूर मजकूर सोडून आपल्या ख्रिस्ती श्रद्धेबद्दल बोलू लागली आणि तिचा माईक बंद झाला. त्याच वर्षी कोलोरॅडोतल्या मॉन्युमेंट गावात एरिका कॉर्डर ही पंधरा व्हॅलेडिक्टोरियनपैकी एक होती. प्रत्येकाला तीस सेकंद. तिने आपल्या तीस सेकंदांत येशूचं नाव घेतलं. दाखवलेल्या मजकुरात ते नव्हतं. हे मत माझं स्वतःचं आहे असा खुलासा ई-मेलने सगळ्यांना पाठवेपर्यंत शाळेने तिचं प्रमाणपत्र अडवून ठेवलं. अपील न्यायालयाने २००९मध्ये हेझलवूडचा दाखला देत शाळेला बरोबर ठरवलं.

या मुलांच्या बाजूने तेव्हा परंपरावादी मंडळी उभी राहिली. टेक्सासने तर २००७मध्ये कायदाच केला: समारंभात बोलणाऱ्या मुलाला निःपक्षपाती निकषांवर निवडा, धार्मिक मत मांडलं म्हणून अडवू नका, आणि भाषणातली मतं शाळेची नाहीत असं जाहीर करा. माईक मुलाचा आहे, असं म्हणायला त्या वेळी उजवी बाजू पुढे होती. पंधरा वर्षांत पारडी फिरली. आता बंद पडलेल्या माईकबद्दल हळहळणारे बहुतेक जण दुसऱ्या गटातले आहेत, आणि ‘समारंभाचं पावित्र्य’ आठवणारेही बदललेत. तत्त्व तेच, खुर्च्या बदलल्या. याबाबतीत कुणालाच फार नैतिक उंचीवर उभं राहता येणार नाही.

त्याच टेक्सासमध्ये, डॅलसच्या लेक हायलँड्स हायस्कूलमध्ये, मे २०२१च्या अखेरीस पॅक्स्टन स्मिथ उभी राहिली. टीव्ही आणि माध्यमांवरचं तिचं भाषण मंजूर झालेलं होतं. अकराच दिवसांपूर्वी गव्हर्नर ग्रेग अॅबट यांनी सुमारे सहा आठवड्यांनंतर गर्भपाताला बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही केली होती. स्मिथने मंजूर भाषण बाजूला ठेवलं आणि या कायद्याबद्दल बोलली. एक मुलगी म्हणून माझी स्वप्नं आहेत, माझ्या गर्भनिरोधकांनी दगा दिला किंवा माझ्यावर बलात्कार झाला तर ती स्वप्नं संपतील, असा तिचा साधा मुद्दा होता. मधेच माईक बंद होईल ही तिची धास्ती खरी ठरली नाही. चित्रफीत देशभर पसरली. हिलरी क्लिंटन यांनी तिचं जाहीर कौतुक केलं. शाळा चालवणाऱ्या मंडळाने पुढच्या वर्षीसाठी भाषणांची पद्धत तपासू असं सांगितलं. टीव्हीवरचं मूळ भाषण कुणी ऐकलंच नाही.

काही आठवड्यांनी न्यू जर्सीत ब्राइस डर्शम हा विद्यार्थी आपल्या समलैंगिक ओळखीबद्दल बोलू लागला आणि माईक बंद पडला. मुख्याध्यापक व्यासपीठावर आले. डर्शमच्या म्हणण्यानुसार त्यांनी त्याच्या हातातला कागद चुरगळला आणि समोरच्या फाइलमधलं मंजूर भाषण वाचायला सांगितलं. मंडळाचं म्हणणं, भाषणं दरवर्षी आधी ठरतात आणि मंजूर प्रती व्यासपीठावरच्या फाइलमध्ये असतात. समोरची मुलं-पालक टाळ्या वाजवू लागले. नवा माईक आला. भाषण डर्शमला पाठ होतं.

माईक बंद केल्याने भाषण थांबत नाही, हे खरं तर २०१७मध्येच लक्षात यायला हवं होतं. पेनसिल्व्हेनियात पीटर बुटेरा या विद्यार्थ्याने आपल्याच शाळेच्या हुकूमशाही कारभारावर टीका सुरू केली. विषय तसा गावातला. देशात कुणाला त्या शाळेचं नावही ठाऊक नव्हतं. माईक बंद झाला आणि काही दिवसांत जिमी किमेलच्या रात्रीच्या टीव्ही कार्यक्रमात त्याला उरलेलं भाषण पूर्ण करायला मिळालं.

मोठ्यांनाही हे व्यासपीठ सोपं जात नाही. २०१४च्या मेमध्ये मिशेल ओबामा कॅन्ससमधल्या टोपेका इथे अनेक शाळांच्या एकत्रित समारंभाला येणार होत्या. निमित्त चपखल होतं. शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणारा ‘ब्राउन’ खटला याच टोपेकाच्या शिक्षण मंडळाविरुद्धचा, आणि निकालाला साठ वर्षं होत होती. पालक भडकले. काहींना राजकारण नको होतं. बहुतेकांची तक्रार घरगुती होती: सुरक्षेमुळे खुर्च्या कमी होणार, मग आजीला कुठे बसवायचं? अखेर राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीने आदल्या दिवशीच्या वेगळ्या कार्यक्रमात भाषण केलं आणि ग्रॅज्युएशन आजीसाठी मोकळं राहिलं. मला टोपेकाच्या पालकांचं काही चुकलं असं वाटत नाही. भाषणस्वातंत्र्याच्या वादात ही माणसं सहसा हिशेबात धरली जात नाहीत. कोणाचंही भाषण ऐकायला ती येत नाहीत. एका नावासाठी तासभर उन्हात बसलेली असतात.

बोलू न देणाऱ्या शाळेत कपडे बोलतात. टोपीवर चमकीने लिहिलेल्या घोषणा, खांद्यावरचे पट्टे, आदिवासी मुलांची गरुडाची पिसं. २०२३मध्ये कोलोरॅडोतल्या पॅराशूट या छोट्या गावात एका विद्यार्थिनीला एका टोकाला मेक्सिकोचा आणि दुसऱ्या टोकाला अमेरिकेचा झेंडा असलेला पट्टा घालायला मनाई झाली. ती न्यायालयात गेली. न्यायाधीशांनी समारंभाच्या आधी तातडीचा दिलासा नाकारला. कारण पुन्हा तेच, मंच शाळेचा आहे.

या सगळ्यात चातुर्याचा नमुना म्हणून एक भाषण लक्षात राहतं. फ्लोरिडातल्या ऑस्प्रे इथल्या पाइन व्ह्यू शाळेचा झँडर मोरिट्झ हा आपल्या वर्गाचा अध्यक्ष होता, उघडपणे समलैंगिक होता, आणि राज्याच्या नव्या कायद्याविरुद्धच्या खटल्यात वादी होता. विरोधक या कायद्याला ‘गे म्हणू नका’ कायदा म्हणत. लहान इयत्तांत लैंगिक कल आणि लिंगओळख शिकवायला त्याने बंदी घातली होती. हा खटला मार्च २०२४मध्ये तडजोडीने मिटला, आणि वर्गातल्या बोलण्यात, चर्चेत असे उल्लेख करायला हरकत नाही हे त्यात स्पष्ट झालं. पण २०२२च्या मेमध्ये ते कुणालाच ठाऊक नव्हतं. खटल्याचा किंवा आपल्या चळवळीचा उल्लेख केला तर माईक बंद होईल, असं शाळेने बजावल्याचं मोरिट्झने आधीच जाहीर केलं होतं. ग्रॅज्युएशन हे वैयक्तिक राजकीय विधानांचं व्यासपीठ नाही, असं शिक्षण मंडळाचं म्हणणं.

२२ मे रोजी तो उभा राहिला. टोपी काढली, केसांतून बोटं फिरवली. म्हणाला, माझे केस कुरळे आहेत. मग तो केसांबद्दलच बोलत राहिला. हे केस आपल्याला आवडत नसत, सरळ करायचा किती आटापिटा केला, पण फ्लोरिडातल्या दमट हवेत कुरळे केस लपवणं किती कठीण. शाळेत आपल्यासारखं कुणी नव्हतं तेव्हा एका शिक्षिकेशी बोलता आलं. पुढे येणाऱ्या कुरळ्या केसांच्या मुलांना असं कुणी मिळेल का? समोर बसलेल्या प्रत्येकाला तो कशाबद्दल बोलतोय ते कळत होतं. हशा होत होता, टाळ्या पडत होत्या. माईक शेवटपर्यंत चालू होता.